माळा रिकामा, तळ्याकाठ भरलेला

फाल्गुन लागला की धारवाडच्या माळमड्डीत सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला अंगणं भरू लागतात. कंपाउंडच्या भिंतीवर गाद्या आणि कौद्या पसरलेल्या असतात. तुळशीकट्ट्याशेजारी चिंचेच्या कोळात घातलेल्या समया आणि घंगाळं. सतरंजीवर उन्हाला लावलेली पुस्तकं. एखादा मुलगा शिडीवरून माळ्यातला डबा खाली देतोय आणि खालून दोन हात तो झेलतायत. मंगळुरी कौलांच्या जुन्या घरांचे माळे वर्षातून एकदा पूर्ण रिकामे होतात, ते या दिवसांत. संध्याकाळी तीच मंडळी अंघोळी करून, दहीबुत्तीचे डबे पिशवीत घालून साधनकेरीच्या तळ्याकडे निघालेली दिसतात.

संपादकांनी या अंकासाठी ‘पसारा’ हा विषय सुचवला, तेव्हा हुबळी-धारवाड या जोडशहरात जाऊन पाहायचं ठरवलं. महाराष्ट्रात घराची मोठी आवराआवर नवरात्र-दिवाळीच्या तोंडावर होते. हुबळी-धारवाडच्या मराठी घरांतही ती होते, पण पाडव्याच्या आधी आणखी एक होते आणि ती जास्त कसून होते. त्या आवराआवरीच्या जोडीला घराबाहेर पडण्याचा एक सबंध हंगामही येतो. शिवरात्रीपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत इथल्या घरांमधून वस्तू बाहेर जातात आणि माणसंही. या दोन गोष्टी एकमेकींना कशा धरून आहेत, ते इथे जवळून पाहता येतं.

पाडव्याच्या आधीच का?

यंदा, २०२५ मध्ये, गुढीपाडवा ३० मार्चला आला. त्याच्या तीन आठवडे आधीपासूनच घराघरांत डबे रिकामे करायला सुरुवात झाली होती. इथल्या काळ्या जमिनीतली रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला येते. शेजारच्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगीच्या बाजारात लाल मिरचीची मोठी आवक याच सुमारास असते. नवी चिंच, नवा गूळ, नवी तूरडाळ, सगळं एका पाठोपाठ येतं. वर्षाची बेगमी भरायची तर कोठी मोकळी हवी. म्हणून जुनं धान्य चाळायचं, पोरकिडे लागलेलं बाजूला काढायचं, पत्र्याचे डबे घासून दोन-तीन उन्हं दाखवायची आणि तळाशी कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून मगच नवं भरायचं.

दुसरं कारण छपराचं. एप्रिल-मे महिन्यांत इथे वळीव चांगलाच झोडपतो. त्याआधी फुटकी कौलं बदलायची, सरकलेली नीट बसवायची. गवंडी माळ्यावर चढायचा तर तिथलं सामान उतरवावंच लागतं. तिसरं कारण हवेचं. फाल्गुनात ऊन कडक आणि हवा कोरडी असते. गाद्या, लोकरीचे कपडे, जुनी कागदपत्रं आणि पुस्तकं वाळवायला यापेक्षा चांगले दिवस नाहीत.

म्हणजे दिवाळीची आणि पाडव्याची साफसफाई वरवर सारखी दिसली तरी त्यांची कामं वेगळी आहेत. दिवाळीच्या आधी पावसाळ्याची ओल, बुरशी आणि जाळी निघतात. पाडव्याच्या आधी जागा होते. पहिलीत झाडू मोठा, दुसरीत निर्णय मोठा.

‘इरली बिडु’

निर्णय किती अवघड असतो, ते माळमड्डीतल्या एका घरात पाहिलं. चार खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर. घरात मराठी, दारात कन्नड, आणि चिडल्यावर दोन्हींची सरमिसळ. सासूबाई पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. सून आणि कॉलेजात जाणारा नातू माळ्यावरून एकेक वस्तू उतरवत होते. पितळेचा बंब, बंद पडलेला रेडिओ, स्टीलचे एकसारखे अकरा गडवे, लग्नात आलेली भिंतीवरची घड्याळं, जुन्या औषधांचा डबा, इलकलच्या विरलेल्या साड्या, दोन ट्रंका भरून पुस्तकं.

प्रत्येक वस्तूवर सासूबाईंचं उत्तर एकच होतं. “इरली बिडु. राहू दे गं, कधीतरी लागतंय की.”

“आई, मागच्या पाडव्यालाही हेच म्हणालात की. वर्षभरात एकदा तरी खाली काढलं का आपण हे?”

“तुझ्या सासऱ्यांनी आणलेला रेडिओ आहे तो.”

“मग तो ठेवूया. गडवे तर त्यांनी आणलेले नाहीत ना?”

अशी घासाघीस दुपारपर्यंत चालली आणि त्यातून चार ढीग झाले. ठेवायचं, द्यायचं, दुरुस्त करायचं, टाकायचं. सुनेचा नियम सोपा होता: मागच्या पाडव्यापासून ज्याला हात लागला नाही, त्याने आपलं माळ्यावर असण्याचं कारण सांगावं. रेडिओने सांगितलं. पाच गडव्यांनी सांगितलं. सहा जणांना काही सांगता आलं नाही.

एका वस्तूबद्दल मात्र वाद झाला नाही. कलघटगीचा लाकडी पाळणा. धारवाडपासून जवळच असलेल्या कलघटगीचे रंगीत चित्रांचे पाळणे या भागात माहेरची मोठी ठेव समजले जातात. त्यांच्या फळ्यांवर देवादिकांची चित्रं रंगवलेली असतात. या घरातला पाळणा तीन पिढ्यांचा आहे आणि तो वर्षातले फार थोडे दिवस माळ्यावर असतो. कुटुंबात कुठेही बारसं ठरलं की पाळणा बेळगावला, हुबळीला, पुण्याला जातो आणि काम झालं की परत येतो. सासूबाई म्हणाल्या, “हा एकट्या आमच्या घराचा नाहीच. आमच्याकडे फक्त मुक्कामाला असतो.” वस्तू कशी बाळगावी, याचा याहून चांगला धडा मला या फेरीत मिळाला नाही.

वस्तूंचा पुढचा प्रवास

‘द्यायचं’ या ढिगाला जायला वाट असली तरच माळा रिकामा होतो. हुबळी-धारवाडमध्ये अशा अनेक वाटा अजून चालू आहेत.

जुने कपडे घेऊन भांडी देणाऱ्या बायका फाल्गुनात गल्लोगल्ली फिरतात. डोक्यावरच्या बुट्टीत स्टीलच्या पराती, डबे, चाळण्या. त्या कापड उजेडाकडे धरून वीण तपासतात, काठ बघतात, जर असली तर बोटाने घासून पाहतात. चांगल्या साड्या धुऊन-इस्त्री करून पुन्हा बाजारात जातात. विरलेल्या सुती कापडाला कारखान्यांत आणि गॅरेजांत पुसण्यासाठी गिऱ्हाईक असतं.

सुती साड्या आणि धोतरं कौदी शिवणाऱ्या बायकांकडे जातात. आपल्या गोधडीची ही बहीण. आत जुन्या कापडाचे थर, वर रंगीत तुकडे आणि सगळ्याला धरून ठेवणारा धावदोरा. कलघटगी तालुक्यात आणि पलीकडच्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागांत सिद्दी समाजाच्या बायकांची कौदी वेगळी ओळखू येते. आफ्रिकेतून काही शतकांपूर्वी आलेल्या लोकांचा हा समाज. त्यांच्या बायका कडेपासून शिवायला घेतात आणि चारी बाजूंनी फिरत मध्यावर येऊन थांबतात. चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची फुलं बसवली नाहीत तर कौदी उघडी वाटते, असं त्या मानतात. आजीचं लुगडं, बाबांचा सदरा आणि पोराचा शाळेचा गणवेश एकाच पांघरुणात येतो. ज्या वस्तू टाकवत नाहीत आणि वापरवतही नाहीत, त्यांना याहून चांगली जागा मिळणं कठीण.

लाकडाची वाट होळीकडे जाते. हुबळीच्या जुन्या पेठांमध्ये रती-कामण्णाच्या मूर्ती बसतात आणि कामदहनासाठी पोरं दारोदार लाकडं आणि गोवऱ्या मागत फिरतात. मोडकी खुर्ची, फुटका पाट, वाळवी लागलेली फळी त्यांच्या हवाली होते. मात्र आता माळ्यावरून उतरतं त्यात निखळ लाकूड कमी आणि प्लायवुड, रेक्झिन, फोम, रंगाचे थर जास्त असतात. ते जाळलं की निघणारा धूर गल्लीतल्याच लहान मुलांच्या छातीत जातो. एका पेठेतली मंडळी यंदा आलेलं सामान आधी दोन भागांत वेगळं करताना दिसली. खिळे-कापड काढलेलं कोरं लाकूड होळीला, बाकीचं भंगारवाल्याला. ही शिस्त प्रत्येक गल्लीत यायला हवी.

उरलेलं जातं महापालिकेच्या ऑटो-टिपरमध्ये. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करायला सांगितलं. सणाच्या आधी हा नियम हमखास मोडतो. एका पौरकार्मिक, म्हणजे सफाई कामगार, बाईने मला एक पोतं उघडून दाखवलं. त्यात शिळं पीठ, काचा, मुदत संपलेल्या गोळ्या, ट्यूबलाइट आणि चांगल्या स्थितीतली शाळेची दप्तरं एकत्र कोंबलेली होती. “वेगळं ठेवलं असतं तर ही दप्तरं कुणीतरी नेली असती. आता पिठाने माखली,” ती म्हणाली. काचेने हात कापण्याचे प्रकार याच पंधरवड्यात जास्त होतात, असंही तिने सांगितलं. हुबळीचा कचरा कारवार रस्त्यावरच्या अंचटगेरीला आणि धारवाडचा होसयल्लापूरला साठत गेला. आपल्या माळ्यावरची अडगळ तिथे नेऊन ठेवणं म्हणजे गावाच्या माळ्यावर ती चढवणं आहे.

केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये देशभरातल्या शहरांत जुने कपडे, पादत्राणं, पुस्तकं, प्लास्टिक स्वीकारणारी केंद्रं उघडण्याची मोहीम घेतली होती. कल्पना चोख होती. मोहीम मात्र मे-जूनमध्ये आली आणि घरं आवरली जातात फाल्गुनात आणि आश्विनात. अशी केंद्रं लोकांच्या पंचांगाप्रमाणे उघडली, तर त्यांना गर्दीचं निमंत्रण द्यावं लागणार नाही.

पुस्तकांच्या ट्रंका

या शहरांतल्या मराठी घरांचा सगळ्यात जड ढीग पुस्तकांचा आहे. १९५६ पर्यंत धारवाड मुंबई राज्यात होतं. शाळा, कचेऱ्या, कोर्ट, नाटक, सगळीकडे मराठीचा वावर होता. जी. ए. कुलकर्णींनी धारवाडच्या जनता शिक्षण समितीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत आपल्या कथा लिहिल्या. घरात मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे साधनकेरीत राहून कन्नडचे थोर कवी झाले आणि १९७३ चं ज्ञानपीठ मिळवलं. कन्नड घरांत पाडव्याला जे युगादीचं गाणं हमखास ऐकू येतं, ते याच बेंद्र्यांचं.

त्या काळातल्या वाचकांची नातवंडं आता कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. मराठी बोलतात, वाचताना अडखळतात. त्यामुळे आजोबांच्या ट्रंका उघडल्या की घर गप्प होतं. बांधीव मासिकं, दिवाळी अंक, नाटकांच्या संहिता, पानांत ठेवलेली पोस्टकार्डं. रद्दीवाल्याच्या काट्यावर ह्या सगळ्याचं वजन होतं, किंमत होत नाही.

मात्र ट्रंका पुन्हा माळ्यावर चढवणं हाही उपाय नाही. कसर आणि वाळवी वाट पाहत नाहीत. एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या घरी केलेली व्यवस्था मला पटली. त्यांनी आधी पुस्तकांची यादी केली. घरातल्या मुलांना वाचून दाखवायची वीस-पंचवीस ठेवली. जुनी, दुर्मीळ वाटणारी विद्यापीठाच्या अभ्यासकांना दाखवली. बाकीची नात्यातल्या आणि ओळखीच्या वाचत्या घरांत वाटून टाकली. पत्रं आणि हस्तलिखितं मात्र त्यांनी कुणाला दिली नाहीत. आधी त्यांचे फोटो काढले, मग सुती कापडात बांधली. “आवरताना घाई करायची ती भांड्यांची. कागदाची नाही,” हे त्यांचं सांगणं.

काही माळे आवरायचे नसतात, हे धारवाडला ठाऊक आहे. सुभाष रोडवर मनोहर ग्रंथमाळेचं कार्यालय आहे. जी. बी. जोशी यांनी १९३३ मध्ये सुरू केलेली ही कन्नड प्रकाशनसंस्था. तिचा ‘अट्ट’, म्हणजे माळाच, साहित्यिकांच्या बैठकीसाठी प्रसिद्ध झाला. बेंद्रे, कीर्तिनाथ कुर्तकोटी, गिरीश कार्नाड यांचा तिथे राबता होता. कार्नाडांचं ‘ययाती’ इथूनच १९६१ मध्ये प्रसिद्ध झालं. जिथे माणसं बसतात, बोलतात, वाचतात तिथल्या वस्तूंना पसारा म्हणू नये.

रेल्वेची शिकवण

हुबळीची गोष्ट थोडी वेगळी आहे. सदर्न मराठा रेल्वेच्या काळापासून हे रेल्वेचं गाव. आज नैऋत्य रेल्वेचं मुख्यालय इथे आहे आणि १,५०७ मीटर लांबीचा फलाटही. रेल्वे क्वार्टर्समधल्या मराठी कुटुंबांकडे माळा नसतो आणि बदली कधी येईल याचा नेम नसतो. एका निवृत्त गार्डच्या पत्नीने सांगितलं, “आम्ही ट्रंकांत संसार मोजायचो. नवी वस्तू घ्यायची तर कुठल्या ट्रंकेत बसणार, हे आधी ठरवायचं.” तिच्या आजच्या दोन खोल्यांत एकही कपाट ओसंडलेलं दिसलं नाही. पाहुणे आले की जास्तीच्या सतरंज्या आणि मोठी पातेली शेजारच्या देवळातून आणायची. देवळाच्या कोठीत लग्नकार्याला पुरतील एवढी भांडी आहेत आणि वहीत सही करून ती कुणालाही मिळतात. जी वस्तू वर्षातून दोनदा लागते ती गल्लीची असावी, ही जुनी रीत आहे आणि घर हलकं ठेवायला तिच्याइतकं काही कामी येत नाही.

खुद्द रेल्वेनेही आपली अडगळ कामाला लावली. गदग रोडवर २०२० मध्ये उघडलेल्या रेल्वे संग्रहालयात जुने डबे, कंदील, घड्याळं, तिकिटयंत्रं मांडली आहेत. मलप्रभा आणि घटप्रभा नावाच्या, शंभरीपार केलेल्या दोन बंगलीवजा इमारतींत हे सामान ठेवलं आहे. सुट्टीच्या दिवशी तिथे आजोबा नातवंडांना सिग्नल कसा पडायचा ते हातवारे करून दाखवत असतात. एका खात्याच्या गोदामात गंजून गेलं असतं ते सामान आज एका गावाची सहल झालं आहे.

घराबाहेरचा हंगाम

आवराआवरीने थकलेल्या घराला बाहेर काढायची सोय इथल्या पंचांगातच आहे. सुरुवात होते महाशिवरात्रीला. जुन्या हुबळीतल्या सिद्धारूढ मठाचा रथ शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी ओढला जातो आणि महाराष्ट्रातूनही भाविक येतात. मग होळी. बैलगाडीच्या चाकाएवढ्या चौकटीवर चामडं ताणून केलेले जग्गलगी वाद्यांचे ताफे रस्त्यावर उतरतात. त्यांचा आवाज आधी छातीत आणि मग कानात पोहोचतो. रंग हुबळी खेळते ते पाचव्या दिवशी, रंगपंचमीला. त्या दिवशी बाजार बंद आणि रस्ता सगळ्यांचा.

पाडव्याला मराठी घरावर गुढी आणि शेजारच्या कन्नड घरात बेवु-बेल्ला, म्हणजे कडुलिंबाची फुलं आणि गूळ. वाट्या कुंपणावरून इकडून तिकडे जातात. पुढे महिनाभर चैत्रगौरीचं हळदीकुंकू, कैरीची डाळ, पन्हं. अलीकडे या हळदीकुंकवात वाणाच्या प्लास्टिक डब्यांनी पुन्हा माळे भरू लागले होते. धारवाडच्या एका महिला मंडळाने यंदा ठरवून कढीपत्त्याची आणि तुळशीची रोपं वाटली. वाण संपलं की माळा भरत नाही, परसू भरतं.

रोजच्या संध्याकाळच्या जागा वेगळ्या. धारवाडला साधनकेरी, केलगेरीचं तळं, विद्यापीठाची टेकडी, तिथलं विज्ञान केंद्र, शाल्मलेचा उगम मानलं जाणारं सोमेश्वर. हुबळीला नृपतुंग बेट्टा, इंदिरा काचघराची बाग आणि उणकलचं तळं. उणकलला मुलं पाण्याकाठी रमली की मोठ्यांना जवळच्या चंद्रमौळेश्वराला जाता येतं. चार दिशांना दारं असलेलं हे चालुक्यकालीन मंदिर भर वस्तीत उभं आहे. खर्च असा नसतोच. घरची चपाती, शेंगाचटणी, दहीबुत्ती. फारच झालं तर गाड्यावरचं गिरमिट आणि सोबत मिरची भजी.

दोन गावांना जोडणाऱ्या रस्त्यावर २०१८ पासून ‘चिगरी’ बस स्वतंत्र मार्गिकेतून धावते. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या स्त्रियांना सरकारी साध्या बसमध्ये तिकिटाचे पैसे लागत नाहीत. उणकलच्या बाकावर भेटलेल्या एका मावशींनी या बदलाचा अर्थ सांगितला. “पूर्वी चौघांचं भाडं मोजायचो आणि घरीच बसायचो. आता मी, सून आणि नाती कधीही निघतो. मुलाला वेळ झाला तर तो येतो.” सहल ठरवण्याचा अधिकार घरातल्या बायकांकडे आला, ही माझ्या दृष्टीने या हंगामातली सगळ्यात मोठी बातमी आहे.

आधी झाडणं आणि मग मोकळ्या हवेत जाणं ही जोडी जगात इतरत्रही आहे. इराणमध्ये नौरोजच्या आधी घर गालिच्यांसकट झाडून काढतात आणि नव्या वर्षाच्या तेराव्या दिवशी सगळं कुटुंब जेवण घेऊन बागेत, ओढ्याकाठी जातं. वसंत त्या लोकांना जे करायला सांगतो, तेच धारवाडकरांना सांगतो.

तळ्याकाठचा पसारा

ज्या मोकळ्या जागांवर हे सगळं उभं आहे, त्या मात्र सुरक्षित नाहीत. उणकलला सांडपाणी आणि जलपर्णीचा त्रास पुन्हा पुन्हा होतो. रविवारी रात्री बाकांखाली कागदी बशा आणि पाण्याच्या बाटल्या उरतात. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना घेऊन आलेल्या बाईला स्वच्छ शौचालय मिळालं नाही तर ती पुन्हा येत नाही. संध्याकाळी दिवे नसतील तर मुली सातच्या आत परततात. १९६२ मध्ये दोन गावांची एक महापालिका झाली. तिने या बागा आणि तळी सांभाळणं हे दिवाणखाना सांभाळण्याइतकं महत्त्वाचं मानायला हवं, कारण लहान घरात राहणाऱ्या हजारो कुटुंबांचा दिवाणखाना तोच आहे.

इथे मला दोन गोष्टींमधला धागा सापडला. ज्या घराला संध्याकाळी जायला जागा आहे, ते घर करमणुकीसाठी सतत वस्तू विकत घेत नाही. ज्या गल्लीकडे सामायिक पातेली आहेत, तिथे प्रत्येकाच्या माळ्यावर पातेली नसतात. जो पाळणा फिरता असतो, तो धूळ खात नाही. पसारा वाढतो तो सामायिक गोष्टी आटल्यामुळे. म्हणून माळा आवरणं ही घरातली बाब असली, तरी तो रिकामा राहणं हे गावावर अवलंबून आहे.

हा अंक तुमच्या हाती येईल तेव्हा दिवाळीची झाडलोट उरकली असेल. फाल्गुनात मात्र पुन्हा एकदा माळ्यावर चढा. चार ढीग करा आणि ‘द्यायचं’ हा ढीग त्याच आठवड्यात घराबाहेर काढा. काच, औषधं, ट्यूबलाइट वेगळ्या बांधून त्यांवर नाव लिहा, ते उचलणाऱ्या हातांचा विचार करा. आपल्या वॉर्डात जुन्या वस्तू घेणारं केंद्र वर्षभर नाही तर निदान सणांच्या आधीचे पंधरा दिवस उघडं ठेवा, असं नगरसेवकाला लेखी सांगा. आणि आवरून झालं की घरातल्या सगळ्यांना घेऊन बसने जवळच्या तळ्यावर जा. डबे स्टीलचे न्या आणि नेलेलं सगळं परत आणा.